तुझंच रक्त लागतं, अक्का

औरंगाबाद,
९ नोव्हेंबर १९७६

प्रिय अक्का,

सविनय जय भीम. दाजींना आणि सासूबाईंना जय भीम.

परवाच मुंबईहून तपासणी करून आले. येत्या फेब्रुवारीत आपल्या ऑपरेशनला तीन वर्षं होतील. दर तीन महिन्यांनी मनमाडला गाडी बदलते आणि दर वेळी तिथं तू आठवतेस. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या फलाटावर तू फडकं सोडलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "खाऊन घे पदमे, तिथं गेल्यावर आपल्या दोघींला कापनारच हायत." शेजारी बसलेलं कुटुंब बोचकी उचलून लांब जाऊन बसलं होतं. मी इतकी आजारी, तोंडाला चव नाही, तरी हसून हसून ठसका लागला होता.

आता कामाचं लिहिते. यंदा मोठ्या डॉक्टरांनी एक नवी तपासणी सांगितली आहे. आपल्या अंगात परकं काही शिरलं की रक्त ते ओळखतं आणि त्याच्यावर मारा करायला एक द्रव्य तयार करतं. डॉक्टर त्याला प्रतिपिंडं म्हणतात. तुला आठवत असेल, आधी ह्यांनीच त्यांचा गुर्दा देऊ केला होता आणि रक्ताच्या तपासणीत जमलं नाही. मित्रा पोटात होती तेव्हा तिच्यातला बापाचा अंश माझ्या रक्तानं ओळखला होता आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं करून ठेवली होती. तेव्हा तू ह्यांच्या तोंडावर म्हणालीस, "हरिचंदराव, तुमचं भांडन रगतापोतर गेलं व्हय!" तुझ्याविरुद्ध मात्र माझ्या रक्तात काहीच नव्हतं, म्हणून तुझा बसवला.

आता इतक्या दिवसांनी तसं काही तयार झालंय का, एवढंच बघायचं आहे. माझं रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी घेतात आणि त्यात तुझ्या रक्तातल्या जिवंत पेशी सोडतात. पेशी जगल्या तर बरं, मेल्या तर प्रतिपिंडं आहेत असं समजतात. पेशी ताज्या लागतात, काही तासांतल्याच, आणि तुझ्याच लागतात. म्हणून जानेवारीत चार दिवस येशील का? काळजीचं कारण नाही. सगळ्यांचीच करतात.

तुझी,
पद्मा

*

कुरुंदा, ता. वसमत, जि. परभणी
२८ नोव्हेंबर १९७६

चि. पदमीस पंचफुलाचा आशीर्वाद आन् जय भीम.

तुझं पत्र पोचलं. तू बरी हाय हे वाचून जीव भांड्यात पडला. पर माझं येनं जमत न्हाई. कापूस येचून राहिलो, त्याच्यामागं लगेच हळद. म्हैस गाभन हाय, पुसात येनार. सासूबाई भिकाबाईचे गुडघे धरले, त्यायला परसाकडं बी धरून न्यावं लागतं. आन् सध्या दवाखान्याचं नाव काढायची सोय न्हाई. सरकारी जीप दिसली का मानसं रानात पळून राहिलीत, नसबंदीला धरून नेतेत म्हनून. तुझे दाजी तर दोन दिस उसात लपून व्हते.

रगत बाटलीत घालून पाठवलं तर चालत न्हाई का?

काल पाटलाच्या मळ्यात हळदीच्या कढईसाठी चुलवान खांदून ठिवलं. तिथून येताना तू दिसली मला. सहा वर्साची. माय आपल्याला जाळ घालाय बसवायची, आन् तू कढईच्या वाफेत तोंड घालायची. म्या म्हनायची, काहून गं? तर म्हने, "गोरी होऊन राहिले." दुसऱ्या दिशी तोंड भाजून लाल झालं, मायनं लोनी लावलं, आन् तू बाला इचारलं, "बा, म्या गोरी झाले का?" बा म्हनला, "व्हय, वळखूच येईना." तवा बा हसायचा लई. औंढ्याच्या जत्रेत हलगी वाजवून यायचा, आपल्याला बत्तासे आनायचा. छप्पन साली दीक्षा घेतली आन् हलगी सोडली ती सोडलीच. पर बत्तासे आनायचं सोडलं न्हाई.

तब्येत जप. मित्राला गोड पापा.

पंचफुला

*

औरंगाबाद,
२० डिसेंबर १९७६

प्रिय अक्का,

तू न येण्याची चार कारणं लिहिलीस. एक लिहिलं असतंस तर मी मान्य केलं असतं. चार लिहिलीस म्हणजे खरं कारण पाचवंच आहे.

मला काय वाटतं ते लिहून टाकते. तुला आता दिल्याचं वाईट वाटतंय. वाटलं तरी मी तुला बोल लावणार नाही. तीन वर्षांत मी एकदाही कुरुंद्याला आले नाही. डॉक्टर गर्दी, धूळ, आजारी माणसं सगळ्यालाच मना करतात, हे तुला माहीत आहे. पण गावाला काय दिसतं? बहिणीचा गुर्दा घेतला आणि शहरात जाऊन बसली. दाजींनी तेव्हा कागदावर सही केली, पण त्यानंतर माझ्याशी धड बोललेसुद्धा नाहीत. तुला घरात ऐकून घ्यावं लागत असेल.

परवा शाळेत मुलींना निबंध घातला, 'माझ्या आयुष्यातला एक प्रवास'. त्या लिहीत होत्या आणि मी खिडकीपाशी उभी राहून वसमतचं स्टेशन बघत होते. मी पहिल्यांदा औरंगाबादच्या वसतिगृहाला निघाले तो दिवस. तुझं लग्न होऊन महिनाच झाला होता. तू सासरहून न विचारता निघून आलीस, सात कोस चालत, अंगावर लग्नातलं लुगडं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून माझा हात धरलास आणि सोडेनास. गार्ड ओरडला तरी सोडेनास. तेव्हा तुला कुठलंच कारण आडवं आलं नव्हतं, अक्का.

असो. तू येऊ नकोस. मी डॉक्टरांना सांगते की तपासणी राहू दे.

पद्मा

*

कुरुंदा
१७ फेब्रुवारी १९७७

पदमे,

तुझं पत्र म्या चुलीत घालाय काढलं व्हतं. घातलं न्हाई. दोन महिने उतरंडीत पडून व्हतं. आज उत्तर लिहिते.

पयले दाजीचं ऐक. तो तुझ्याशी बोलत न्हाई म्हनती. ऑपरेशनच्या दिशी तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लेकरावानी रडला, आन् ते तुझ्या मालकानं पाहिलं. तवापून त्याला तुमच्या दोघाच्या तोंडाकडं बघायची लाज वाटती. दुसरं काई न्हाई. तू त्याच्यावर बोल ठिवू नको.

दिल्याचं वाईट वाटतं म्हनली. पदमे, तू मास्तरीन झाली, पर तुला वाचता येत न्हाई. म्या न्हाई म्हनले ते कशापाई, हे तुला माझ्या पत्रातून कळाया पायजे व्हतं.

पाचवं कारन लिहिते. दिवाळीपून माझे पाय सुजून राहिले. बोट दाबलं तर खड्डा पडतो. चार पावलं चाललं का दम लागतो. तुझं बी असंच सुरू झालं व्हतं, म्या डोळ्यानं पाहिलेलं हाय. मला वाटलं, राहिलेला एक बी गेला. तिथं येऊन रगत दिलं असतं तर डॉक्टरला कळलं असतं. डॉक्टरला कळलं म्हनजी तुला कळलं असतं. मंग माझा गुर्दा पोटात घिऊन तू कशी जगली असती? तुझा सभाव मला ठावं हाय. तू अन्न सोडलं असतं.

म्हनून आले न्हाई. घरात बी कोनाला सांगितलं न्हाई. लुगडं खाली सोडून नेसते, कोनाला पाय दिसत न्हाईत.

आता सांगितलं. जीव हलका झाला.

पंचफुला

*

औरंगाबाद,
२५ फेब्रुवारी १९७७

अक्का,

शाळेतून आले, पत्र उघडलं आणि पायातल्या चपला न काढता दोनदा वाचलं. हे बाजारातून आले तेव्हा मी तशीच उभी होते.

आता माझं ऐक. मी तुला खोटं लिहिलं होतं. ही तपासणी सगळ्यांची करत नाहीत. माझी करायची आहे, कारण मी चूक केली आहे.

गेल्या वैशाखात ह्यांच्या पुतणीचं लग्न होतं. गुर्दा टिकावा म्हणून रोज घेते त्या गोळ्यांनी माझं तोंड कसं झालं होतं ते तू पाहिलेलं नाहीस. गाल भाकरीसारखे फुगलेले, ओठावर लव, मानेवर मांस. मांडवात एका बाईनं मित्राला विचारलं, "तुझी आई कुठं दिसत नाही? ही कोण?" मित्रा म्हणाली, "हीच." तेरा वर्षांची पोरगी. खाली बघून म्हणाली. मी घरी आले आणि त्या दिवसापासून गोळ्या निम्म्या केल्या. ह्यांना सांगितलं नाही. चार महिने. तोंड उतरलं, अक्का. आरशात माझं मला पुन्हा दिसायला लागलं, आणि मी खूश होते. शाळेतल्या बाया म्हणाल्या, तब्येत सुधारली तुमची.

ऑगस्टच्या तपासणीत लघवीतून प्रथिन जायला लागलेलं आढळलं. गुर्दा कसा चालतो ते दाखवणारं रक्तातलं क्रिॲटिनिन एक पूर्णांक चार दशांशावर दोन वर्षं स्थिर होतं, ते दोनच्या वर गेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नीट घेता ना? मी म्हणाले, हो. नोव्हेंबरमध्ये पुन्हा विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसते खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणाले, त्या गोळ्या तुमच्या रक्ताला गुंगीत ठेवतात. तुम्ही त्याला जागं केलंत. आता त्यानं बहिणीच्या गुर्द्याला ओळखलंय का, ते बघायला हवं.

तू तुझ्या अंगातला मला दिलास आणि मी तो आरशापायी घालवायला निघाले. आणि वर तुलाच लिहिलं की तुला वाईट वाटतंय.

माझं राहू दे. तू आधी दवाखान्यात जा. नांदेडला जा, परभणीला जा, पण जा.

पद्मा

*

कुरुंदा
५ मार्च १९७७

पदमे,

तुझा राग आला. लई आला. दोन दिस भाकर गिळली न्हाई. दाजीनं इचारलं, काय झालं? म्या त्याला समदं सांगितलं, माझ्या पायाचं बी सांगितलं. त्यानं माझे पाय पाहिले आन् बाहेर गेला. सांजच्याला येऊन म्हनला, "दोघी सारख्याच. येड्या."

तिसऱ्या दिशी मला वाटलं, म्या तुझ्या जाग्यावर असते तर काय केलं असतं? म्या गोळ्या सोडल्या नसत्या. पर माझ्या घरात आरसाच न्हाई, तवा माझी काय गोष्ट सांगावी.

इथल्या दवाखान्यात म्या जात न्हाई. दोघींचं रगत एकाच डॉक्टरपुढं ठिवू, काय व्हायचं ते एकदम कळू दे. येत्या शनिवारी निघून राहिलो. सासूबाईजवळ जाऊबाई रूपाबाई राहनार हाय. गाडीला निवडनुकीची गर्दी हाय म्हनतेत, उभ्यानं येऊ. मनमाडला तू आन् हरिचंदराव भेटा.

तवर गोळ्या घे. बराबर घे. पुऱ्या घे.

पंचफुला

*

औरंगाबाद,
१० एप्रिल १९७७

प्रिय अक्का,

तुला तिसऱ्याच दिवशी परतावं लागलं, म्हणून तुझ्यामागचं सगळं लिहिते.

आधी तुझं. डॉक्टरांनी तुझ्या तपासणीची चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली. तुझा गुर्दा ठणठणीत आहे. एकटा पडल्यावर तो वाढून मोठा झाला आणि दोघांचं काम ओढतो आहे. तुझ्या अंगात रक्तच कमी आहे, पोटात जंत आहेत, त्यानं पाय सुजतात आणि दम लागतो. जंताचं औषध झालं असेल. लोहाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. हे तुला मी लिहावं म्हणजे काय, पण लिहिते.

आता माझं. तुझं रक्त घेतलं त्याच दुपारी मी प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथं काम करणारा शंकरसिंग नावाचा माणूस हिंगोलीचा निघाला. बोलण्यावरून त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "बाई, कुठल्या तुम्ही? आमच्याकडल्याच दिसून राहिल्या." मी म्हटलं, मला बघू द्याल का? त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मला सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर बसवलं.

अक्का, मी तुझ्या पेशी पाहिल्या. गोल, लहान, चमकणाऱ्या, ज्वारीच्या दाण्यासारख्या. त्यांत मधूनमधून काही काळवंडलेल्या, फुगलेल्या. शंकरसिंग म्हणाला, "काळ्या त्या मेलेल्या. रंग आत शिरतो त्यांच्या." मी मोजायला लागले. माझ्यानं मोजवेना. त्यानं मोजलं, शंभरातल्या तीस. तुझ्या तीस पेशी माझ्या रक्तानं माझ्या डोळ्यांसमोर मारल्या होत्या. मी त्याला म्हटलं, "ह्या माझ्या बहिणीच्या आहेत हो." त्यानं मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "सत्तर जगल्या की, बाई."

डॉक्टर म्हणाले, आशा आहे, पण उशीर नको. तीन दिवस शिरेतून त्या गोळ्यांतल्याच औषधाचा मोठा मारा केला. मग पंधरा दिवस ठेवून घेतलं. परवा सोडलं तेव्हा क्रिॲटिनिन दोनच्या खाली आलं होतं. पहिल्यासारखं नाही, होणारही नाही, पण उतरलं आहे.

आणि तोंड पुन्हा फुगलं आहे, पहिल्याहून जास्त. स्टेशनवर मित्रा न्यायला आली होती. मी पदर पुढं ओढून उतरले. ती धावत आली आणि सगळ्या हमालांच्या देखत माझ्या गळ्यात पडली. ह्यांनी तिला सगळं सांगितलंय. रिक्षात ती म्हणाली, "आई, मी तेव्हा खाली बघितलं होतं ना." एवढंच. मग घर येईपर्यंत दोघी रडलो.

मुंबईच्या त्या धर्मशाळेतल्या दोन सकाळी मला विसरता येत नाहीत. किती वर्षांनी आपण एका सतरंजीवर झोपलो. तू माझी वेणी घालताना मायसारखीच डोक्यात टिचकी मारलीस, "हलू नको" म्हणून. माय गेल्यापासून मला कुणी टिचकी मारली नव्हती.

तुझी,
पद्मा

*

कुरुंदा
४ मार्च १९७८

चि. पदमीस आशीर्वाद.

औंदा तू रगतासाठी बोलावलं न्हाई. सालाची तपासनी असती हे डॉक्टरनं माझ्या समोरच सांगितलं व्हतं. पुन्हा काई झाकून ठिवून राहिली का? म्या मंगळवारी निघते. हळद अर्धी शिजली, अर्धी दाजी शिजवतील. माझे पाय बरे हायत. परवा जवळा बाजारला चालत गेले आन् चालत आले. तुझ्या मित्रासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. तुला मला मायनं तिथंच भरल्या व्हत्या, तू येसीतच दोन फोडल्या आन् म्या माझ्या तुला दिल्या. आठवतं का?

डॉक्टरला एक इचारून ठिव. हे किती वर्सं चालनार? मला खरं पायजे.

पंचफुला

*

औरंगाबाद,
१९ नोव्हेंबर १९७८

प्रिय अक्का,

मार्चमध्ये तू तो प्रश्न विचारलास तेव्हा डॉक्टर हसून बाजूला झाले होते. या वेळी मी त्यांना अडवून विचारलं. तुला खरं हवं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

मार्चच्या तपासणीत शंभरातल्या अठरा मेल्या होत्या. तीसवरून अठरा. म्हणजे प्रतिपिंडं कमी झाली, पण गेली नाहीत. डॉक्टर म्हणाले, बहुधा जाणार नाहीत. गोळ्या त्यांना दाबून ठेवतील, पण आतल्या आत थोडी थोडी झीज होत राहील. पाच वर्षं जातील, कदाचित दहा. कुणी सांगू शकत नाही. मग तो गुर्दा थकेल. त्यानंतर काय, हे तेव्हाचं तेव्हा. तोपर्यंत मित्रा कॉलेजातून बाहेर पडलेली असेल, आणि मी शाळेत अजून कितीतरी पोरींना शिकवलेलं असेल.

मी घाबरले नाही. घाबरले असते तर तुला लिहिलं असतं, आता लपवत नाही.

आणि दुसरी बातमी. मी विचारलं, गावी जाऊ का? ते म्हणाले, थंडीत आठ दिवस जा, पाणी उकळून प्या, खोकणाऱ्या माणसाजवळ बसू नका. अक्का, मी येते. पुसात, हुरड्याला. पाच वर्षं झाली.

तुझी,
पद्मा

*

कुरुंदा
२१ जानेवारी १९७९

चि. पदमीस आशीर्वाद.

तू गेली आन् घर उदास झालं. सासूबाई इचारून राहिल्या, "ती मास्तरीन कवा येनार परत?" दाजी तुझ्यासाठी पानी उकळायचं पातेलं आजून चुलीवरून काढू देत न्हाई. त्याच्या तोंडाला कुलूप व्हतं ते निघालं. तुला शेत दाखवताना किती बोलला! म्या माझ्या संसारात एवढं ऐकलं न्हाई.

गावातल्या बाया तुला पाहून गेल्या, काई तोंडाकडं बघून कुजबुजल्या बी. तू म्हनली, "गोळ्यानं फुगलंय. गोळ्या हायत म्हनून म्या हाय." मला लई बरं वाटलं.

एक गोष्ट तुला ठावं न्हाई, ती सांगायला हे पत्र लिहून राहिले.

निघायच्या आदल्या सकाळी आपन मळ्यात हुरडा खाल्ला. मंग तू बाभळीखाली वाकळीवर आडवी झाली आन् म्हनली, "अक्का, हात आन." माझा हात धरून तू पोटावर खाली, उजव्या अंगाला ठिवला. म्या इतके दिस समजून व्हते, तो गुर्दा तुझ्या पाठीत असन, माझा निघाला तिथंच. तू म्हनली, "न्हाई, पुढंच बसवतेत." कातडीखाली हाताला लागला. मुठीएवढा, टनक. म्या इचारलं, दुखतं का? तू म्हनली, न्हाई. आन् बोलता बोलता तुझा डोळा लागला.

म्या हात काढला न्हाई. ऊन आंगावर आलं. दाजी बांधावरून भाकरीला हाका मारून राहिले, म्या ओ दिली न्हाई. पाच वर्सं तो माझ्यापून लांब व्हता. किती चालला, किती सोसलं त्यानं, एका शबदानं कोनाला बोलला न्हाई. तुझं रगत त्याच्यावर उठलं, तरी तो काम करून राहिला. माझ्या तळहाताखाली ऊन ऊन लागत व्हता, तुझ्या श्वासाबरोबर वर खाली होऊन राहिला व्हता.

मंग म्या वाकून, तुला जाग येऊ नये अशा आवाजात त्याला म्हनलं, "राह्य बापा हितं. किती बी दिस राह्य. हे बी आपलंच घर हाय."

पंचफुला